सरांचं शुद्धिपत्र

आमच्या सरांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि दारूच्या बाबतीत त्यांच्याइतका माहीतगार माणूस मी नायगाव तालुक्यात दुसरा पाहिला नाही. चपटी म्हणजे किती, खंबा म्हणजे किती, नाइंटी मागणारं गिऱ्हाईक आणि क्वार्टर मागणारं गिऱ्हाईक यांच्या स्वभावात काय फरक असतो, धर्माबादकडे गेलं की शिंदीला तेलुगूतलं कल्लू कुठल्या गावापासून म्हणायला लागतात, सगळं तोंडपाठ. हे ज्ञान त्यांनी पुस्तकातून मिळवलेलं नव्हतं. देशी दारूच्या दुकानासमोर छत्री उघडून उभं राहायचं आणि आत जाणाऱ्याला, विशेषतः बाहेर येणाऱ्याला, विचारायचं, असा त्यांचा अभ्यास.

"आत्ता जे घेतलंत, त्याला तुमच्या गावात काय म्हणतात हो?"

बाहेर येणारी माणसं खुशीत असायची. ती एकाच्या जागी चार शब्द सांगायची. सर ते सगळे शंभर पानी वहीत गावाच्या नावासकट लिहून घ्यायचे आणि सांगणाऱ्याला वाकून नमस्कार करायचे. त्या माणसाला त्या दिवशी मिळालेला तेवढाच एक नमस्कार असायचा.

सर नायगावच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत. मूळचे उदगीरकडचे, घर लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, घरात अर्धी बोली कानडी. अशा माणसाला रोज संध्याकाळी दारूच्या दुकानापुढं उभं पाहिल्यावर गाव काय म्हणणार? बातमी उदगीरला सासुरवाडीपर्यंत पोचली. मग एक दिवस त्यांचे दोन मेहुणे, दोघंही मोंढ्यातले आडते, पहिल्या गाडीनं येऊन दारात उभे. धाकट्यानं नमस्काराच्या निमित्तानं जवळ जाऊन तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास वेलदोड्याचा होता, त्यामुळे संशय आणखी वाढला. सरांनी वही त्यांच्यापुढं ठेवली. थोरल्या मेहुण्यानं ती दोन तास वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "भावजी, उदगीरच्या बाजारातले दोन शब्द राहिलेत यात. लिहा." सरांच्या पत्नी हा किस्सा सांगताना अजून चिडतात. त्यांना भावांकडून वेगळी अपेक्षा होती.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "माणूस पितो कशासाठी हे मला कळत नाही. निदान त्याला म्हणतो काय, हे तरी कळावं." त्यांचं लाडकं उदाहरण ताडीचं होतं. इंग्रजांनी इथली ताडी पाहिली, तिचं टॉडी केलं, शब्द बोटीवर घालून नेला, आणि तिकडच्या थंडीत गरम पाण्यात दारू आणि साखर घालून जे पितात त्यालाही टॉडीच म्हणायला लागले. "आपल्या झाडाचा शब्द तिकडं सर्दीवरचं औषध झाला," हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा, की जणू पोरगं परदेशात नोकरीला लागलंय.

पण सर प्रसिद्ध होते ते वेगळ्या शब्दासाठी. अकरावीचा पहिला तास. खेड्यांतून आलेली पोरं, इंग्रजी म्हटलं की निम्म्यांची नजर दाराकडे. सर वर्गात येऊन फळ्यावर एक बाटली काढायचे. बाटली घराच्या आकाराची: उतरतं छप्पर, दार, दोन खिडक्या, छपरावर धुराडं, आणि धुराड्याला बूच. मग त्यावर एक शब्द लिहायचे. बूझ. "इंग्रज दारूला बूझ म्हणतो. का म्हणतो?" अमेरिकेत एक दारूचा व्यापारी होता. तो घराच्या आकाराच्या बाटलीत दारू विकायचा, बाटलीवर ठळक अक्षरात स्वतःचं नाव, बूझ. माल इतका खपला, की लोक दारूलाच त्याच्या नावानं ओळखायला लागले. एवढं सांगून सर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा पोरांनो. पिणाऱ्याचं घर जातं, विकणाऱ्याचं नाव होतं."

वर्ग हसायचा आणि इंग्रजीची भीती त्या तासापुरती जायची. एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, हीच बाटली, हाच शब्द. माझ्यासारखे कित्येक जण बारावीनंतर सगळं इंग्रजी विसरले. बूझ कोणी विसरलं नाही.

सरांची आणखी एक खोड होती आणि ती आमच्या आईबापांनाही ठाऊक होती. वर्गात आपण काही चुकीचं सांगितलं, असं सरांना घरी गेल्यावर कळलं, तर ते दुसऱ्या दिवशीच्या तासाची वाट पाहायचे नाहीत. सकाळी सायकल काढून प्रत्येक पोराच्या घरी जायचे. एकदा त्यांनी बटाटा हा आपलाच जुना शब्द आहे असं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तोंडात ब्रश धरून अंगणात उभा, आणि सर फाटकात. वडलांना वाटलं, पोरगं नापास झालं.

"वही आण," सर म्हणाले. "बटाटा पोर्तुगीजांचा. काट मार त्याच्यावर."

मी काट मारली. त्यांनी शेजारी बरोबर लिहून बारीक सही केली.

"सर, चहा घेऊन जा," वडील म्हणाले.

"बेडा, बेडा," सर कानडीत म्हणाले. म्हणजे नको. "चूक परत न्यायला आलेल्या माणसानं पाहुणचार घ्यायचा नसतो."

त्या दिवशी त्यांनी अशी त्रेचाळीस घरं केली. त्यातली सात शेतवस्तीवर होती.

सर निवृत्त झाले आणि लातूरला मुलीकडे जाऊन-येऊन राहायला लागले. लातूरला पोरं दिवसभर अभ्यास करतात आणि म्हातारे दिवसभर त्यांना डबे पोचवतात. सरांना ज्याला डबा पोचवावा असं कोणी नव्हतं, म्हणून ते एका जुन्या ग्रंथालयात जाऊन इंग्रजीचा भला मोठा, अनेक खंडांचा शब्दकोश पहिल्या पानापासून वाचायला लागले. रोज तीन पानं. विशिष्ट काही शोधायचं नव्हतं, नुसतं वाचायचं. काही महिन्यांनी ते दुसऱ्या अक्षराच्या मध्यावर पोचले आणि तिथं त्यांना बूझ भेटला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीनं घाबरून रक्तदाब मोजायला माणूस बोलावला.

कोशात लिहिलं होतं ते असं: हा शब्द तो बाटलीवाला जन्मायच्या शेकडो वर्षं आधीपासून इंग्रजीत आहे. तो आला बहुधा हॉलंडकडच्या जुन्या भाषेतून, आणि त्याचा मूळ अर्थ बेसुमार पिणं. आधी पिणं होतं. जे प्यायचं त्याला ते नाव पुढं मिळालं. बाटलीवाला खरा होता, त्याची घरासारखी बाटलीही खरी होती, त्याच्यामुळे शब्दाचा गाजावाजा वाढलाही असेल. पण शब्द त्याचा नव्हता. सरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठल्याशा साप्ताहिकाच्या चौकटीत ती गोष्ट वाचली होती आणि पुढं कधी तपासून पाहिली नव्हती.

माझं नांदेडला फ्लेक्स आणि छपाईचं दुकान आहे. लातूरहून सर थेट तिथं आले.

"शुद्धिपत्र छापायचंय," म्हणाले. "एकतीस वर्षांच्या पोरांना पुरेल एवढं."

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "सर, आपला माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एक मेसेज टाकून देऊ."

"ग्रुपवर सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं?" सर म्हणाले. मग स्वतःच विचारात पडले. "शुद्धिपत्रही नको. चूक तोंडानं केली होती, ती तोंडानंच परत घ्यायला पाहिजे."

अशा रीतीनं माझे रविवार गेले. सरांकडे प्रत्येक वर्षाच्या हजेरीची स्वतःच्या हातानं उतरवलेली नक्कल होती. मी मोटारसायकल चालवायची, त्यांनी मागं वही मांडीवर धरून बसायचं. खरं सांगायचं तर मला आधी ही निव्वळ डोकेदुखी वाटली. मग हळूहळू मजा यायला लागली, कारण पुढच्या दारात काय होईल ते सांगता येत नव्हतं. एक पोलीस जमादार ऐकता ऐकता सावधानमध्ये उभा राहिला. नायगावच्या एका किराणावाल्यानं सगळं ऐकून सुस्कारा सोडला, "मला वाटलं देणगी मागाया आलात." एका डॉक्टरनं बाहेरचे पेशंट थांबवून आधी पूर्ण गोष्ट पुन्हा सांगायला लावली आणि मग म्हणाला, "सर, खोटी असली तरी चांगली होती." सर त्याच्यावर रागावले. सगळ्यात पंचाईत केली ती उमरीच्या एका मास्तरनं. त्याला ती गोष्टच आठवत नव्हती. मग सरांना आधी चूक पूर्ण समजावून सांगावी लागली, आणि त्यानंतर दुरुस्ती.

चार रविवार असे गेले. पाचव्या खेपेला सर दुकानात आले तेव्हा मशीनमधून नुकताच निघालेला एक फ्लेक्स मी टेबलावर पसरून ठेवला होता. सर त्याच्यापुढं उभे राहिले ते हलेचनात. फ्लेक्सवर घराच्या आकाराची बाटली होती, धुराड्याला बूच होतं, आणि खाली मोठ्या अक्षरात: पिणाऱ्याचं घर जातं, विकणाऱ्याचं नाव होतं. आडव्या बाटलीला मत द्या.

"हे कोणाचं?" सरांनी विचारलं.

माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. रोज दहा फ्लेक्स छापणारा माणूस काय छापतोय ते वाचत नाही. "मंगलचं," मी म्हणालो. "आपल्याच कॉलेजची, माझ्यामागं दोन वर्षं होती."

मंगल उमरीच्या अलीकडच्या एका गावात सून म्हणून गेली होती. त्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. ते बंद करायला तिनं बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या, अर्ज केले होते, चकरा मारल्या होत्या, आणि आता बायकांचं मतदान लागलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. अडचण अशी, की गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी घरी राहिली, ती दुकानाच्याच बाजूनं मोजल्यासारखी. त्यामुळे मंगलची सगळी लढाई बायकांना घराबाहेर काढण्याची होती, आणि त्यासाठी तिचं मुख्य हत्यार होतं आमच्या सरांची गोष्ट. प्रत्येक बैठकीत ती तीच सांगायची. गावातल्या भिंतींवर बायकांनी गेरूनं तीच ओळ लिहिली होती.

मतदान आठ दिवसांवर होतं. सर म्हणाले, "गाडी काढ."

मंगलच्या ओसरीवर सर उभ्यानंच बोलले. तिनं सगळं ऐकलं. सुरुवातीला ती हसत होती, मग हसू गेलं.

"सर, आठ दिस थांबा की," ती म्हणाली. "मतदान होऊ द्या. मंग मीच सगळ्या गावाला सांगते."

"चूक माहीत झाल्यावर?"

"सर, या बायांना आतापर्यंत नुसतं हेच ऐकू आलंय, का तुजा नवरा पितो ही तुजी चूक, त्याची चूक, तुज्या नशिबाची चूक. दुकानाचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तुमच्या गोष्टीनं पहिल्यांदा घेतलं. आता मी जाऊन सांगू, का शब्द पिण्यावरूनच निघाला म्हणून? दुकानवाले तेच तर म्हणून राहिलेत, का आम्ही काय कोणाच्या नरड्यात ओततो का."

सरांनी समोरच्या भिंतीवरची गेरूची ओळ वाचली. मग म्हणाले, "बरं. थांबतो."

परतताना त्यांनी मला दोनदा गाडी थांबवायला लावली. उतरायचे, रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, पुन्हा बसायचे. "चूक माहीत असून झाकली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं," एवढंच बोलले. बाकीच्या भेटीही त्यांनी बंद केल्या. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एकीसाठी झाकून ठेवलं, ते दुसऱ्यापुढं उघडं कसं करू?" मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. एका शब्दाची ती काय एवढी किंमत, आणि मतदानाच्या तोंडावर तो घोर मंगलच्या डोक्यात का घालायचा?

तिसऱ्या दिवशी मंगलचा फोन आला. "सरांना घेऊन या. सकाळी टाकीखाली सभा हाय. मला बोलताच येऊन नाही राहिलं. ती गोष्ट आली का जीभ अडते."

पाण्याच्या टाकीखाली बायका बसल्या होत्या. निम्म्या कापूस वेचायला निघालेल्या, कापूस टाकायच्या ओट्या कमरेला बांधूनच आलेल्या. लांब पारावर दुकानाची बाजू घेणारी माणसं कान देऊन होती. मंगलनं माइक घेतला, पदर खोचला.

"बायांनो, मी तुम्हाला त्या घरावाणी बाटलीची गोष्ट सांगत होते. दारूचा इंग्रजी शब्द त्या विकणाऱ्याच्या नावावरून आला म्हणत होते. ते खोटं हाय. मला ठाऊक नव्हतं. हे माझे सर. यांनीच मला सांगितलं होतं, आणि यांनाबी ठाऊक नव्हतं. आता कळलं तर दारोदार फिरून परत घेऊन राहिलेत. भिंतीवरचं आपण आज पुसून टाकू."

 मग पुढंच बसलेली एक वयस्कर बाई, गयाबाई, कापूस वेचणाऱ्या टोळीची मुकादम, तिनं विचारलं, "मंग खरं काय हाय?"

सर उभे राहिले. "खरं असं, की तो शब्द लांबच्या एका देशातून आला. मुळात त्याचा अर्थ बेसुमार पिणं. आधी पिणं, मग त्यावरून दारूला ते नाव. त्याच्याही मागं तो कुठून आला, ते कोणालाच नक्की सांगता येत नाही."

"म्हंजे दोष पिणाऱ्याचा," गयाबाई म्हणाली.

सरांनी मंगलकडे पाहिलं. मंगल म्हणाली, "हाव. त्याचाबी हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण पिणाऱ्याला आपण बदलू शकलो न्हाई, इतकी वर्षं करून बघितलं. दुकान शाळेच्या वाटेवर उघडं राहावं का नको, एवढंच फक्त आपल्याला विचारलंय. त्याचं उत्तर द्या."

गयाबाई उठली, ओटी सारखी केली आणि आपल्या बायका घेऊन शेताकडे निघून गेली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

दुपारपर्यंत पारावरून गावभर पसरलं, की मास्तरनंच भर सभेत दुकानाला निर्दोष सोडलं. मंगलच्या दोन कार्यकर्त्या रडकुंडीला आल्या. मग माझाही तोल गेला. मी सरांना तोंडावर म्हणालो, "सर, पाच दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

सर रागावले नाहीत. "मग माझ्यात आणि त्या बाटलीवाल्यात फरक काय राहिला? तोही खपतंय म्हणून विकत होता, मीही खपतंय म्हणून सांगत होतो."

उरलेले दिवस सर मंगलच्याच गावात राहिले. तिच्याकडून मतदारयादी मागून घेतली आणि घरोघर फिरले. आडवीवर शिक्का मारा, असं एकदाही म्हणाले नाहीत. फक्त विचारायचे, "रविवारी हजर राहणार ना?" काही घरांतून त्यांना पाणी मिळालं, काही घरांतून तोंडावर दार मिळालं. एका घरात त्यांना बूझबद्दल पुन्हा सगळं सांगायला लावलं, कारण त्या घरातल्या म्हातारीला हॉलंड कुठं आहे हे समजून घ्यायचं होतं. सरांनी अंगणात काडीनं नकाशा काढला.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं शाळेसमोरच्या लिंबाखाली बसलो. आत बायकांशिवाय कोणाला सोडत नव्हते. सकाळी रांग बरी होती, मग पातळ झाली. वेचणीचे दिवस, मजुरी बुडवून कोण येणार? दुपारी दोन वाजता मंगल बाहेर आली. तिच्या हातातल्या यादीत अजून मत न दिलेल्यांची, बिनखुणेची नावं खुणेच्या नावांपेक्षा जास्त होती. "न्हाई होत सर," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.   एरवी कधी न दिसलेली भीती त्या दिवशी मी सरांच्या चेहऱ्यावर पाहिली.

तीनच्या पुढं शेताच्या वाटेनं बायका येताना दिसल्या. पुढं गयाबाई. तिच्या टोळीच्या, मग शेजारच्या टोळीच्या, डोक्याला फडकी गुंडाळलेल्या, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. मंगल उठून पुढं धावली, पण गयाबाई सरळ रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागं त्या सगळ्या. वेळ संपायच्या आत मंगलची यादी पुन्हा पाहिली तेव्हा बिनखुणेची नावं थोडीच उरली होती.

संध्याकाळी मोजणी झाली आणि बाटली आडवी पडली. फरक मोठा नव्हता, पण पुरेसा होता. मंगलला बायकांनी उचलूनच घेतलं. कोणी गुलाल आणला. सर लिंबाखालून उठले नाहीत. 

त्या गर्दीतून गयाबाई निघून आमच्याकडे आली. सरांपुढं थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं हाय. आमच्या मालकानं पंचवीस वर्षं दारू पिऊन मला मारलं. तीन वर्षं झाली, गेला. शेवटी शेवटी अंथरुणावर होता, मीच करत होते समदं. मला वाटायचं, आता म्हणंल, चुकलं माझं. न्हाई म्हणला. मंग मी मनाशी धरलं, का गडीमाणसाला ते म्हणायाच येत नसंल. त्या दिवशी टाकीखाली तुम्हाला बघितलं. तुम्ही एवढं शिकलेलं, म्हातारं माणूस, एका शब्दापायी आमच्या गावात येऊन चुकलं म्हणालात. म्हंजे म्हणता येतंय की."

सर उठून उभे राहिले.

"मंग त्याला का आलं न्हाई?" गयाबाईनं विचारलं.

 मागं बायका मंगलच्या नावानं ओरडत होत्या. गयाबाई उत्तराची वाट पाहत तशीच उभी होती.

"मला माहीत नाही, बाई," सर म्हणाले.

गयाबाईनं मान हलवली, आणि डोक्याचं फडकं सोडून त्यानं तोंड पुसलं.